“शास्त्रात आहे”, पण कोठे?

“शास्त्रात असे सांगितले आहे” हे वाक्य आमच्या देवालयांच्या सभामंडपांत जितक्या वेळा ऐकू येते, त्याच्या शतांश वेळादेखील “कोठे सांगितले आहे?” हा प्रश्न ऐकू येत नाही. गाभाऱ्यात कोणी जावे, सोयरसुतकाचे दिवस किती, विधवेच्या हातची ओटी चालते की नाही, पालखीला खांदा देण्याचा अधिकार कोणाचा, अशा प्रश्नांवर महाजनांच्या बैठकी रंगतात, मने दुखावतात, क्वचित प्रकरण न्यायालयापर्यंत जाते. आणि या सर्व वादांत दोन्ही पक्षांच्या मुखी शास्त्रच असते. परंतु ग्रंथ कोणता, आवृत्ती कोणाची, स्थळ कोणते, त्या ठिकाणी बोलणारा कोण आणि प्रसंग कोणता, या पाच गोष्टी सांगून मग मत मांडणारा वक्ता आम्हांस विरळाच दिसतो. पत्त्यावाचून पत्र पोचत नाही हे ज्यांस कळते, त्यांनी पत्त्यावाचून आलेले शास्त्र मात्र निमूटपणे शिरसावंद्य मानावे, ही गोष्ट आमच्या समाजास भूषणावह नाही.

आजवर या आळसाला एक सबब होती. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास, दासबोधाच्या ७,७५१, एकनाथी भागवताच्या अठरा हजारांहून अधिक, महाभारत तर नावाने लक्षश्लोकी. प्रपंचात गुंतलेल्या माणसाने एक वचन हुडकण्यासाठी इतकी पाने चाळावी तरी केव्हा? ही सबब आता उरलेली नाही. यांतील बहुतेक ग्रंथ संगणकावर उतरले आहेत, आणि खिशातील फोनवर एक शब्द टंकित केला की त्याची स्थळे क्षणार्धात डोळ्यांपुढे येतात. परंतु साधन हाती येताच आमच्यात दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो की ग्रंथ गुरुमुखातून ऐकावयाचा असतो, यंत्रात त्याचा शोध घेणे हा उद्धटपणा आहे. दुसरा तट यंत्राच्या उत्तरालाच वेदवाक्य मानतो; यंत्राने दाखवले ते आहे, न दाखवले ते नाही, असा त्याचा खाक्या. आमच्या मते हे दोन्ही तट एकाच कामातून अंग काढून घेत आहेत, आणि ते काम म्हणजे संहिता सिद्ध करण्याचे.

यंत्र स्वतः काही शोधीत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्याने संहिता तपासली, तिचे भाग पाडले, तिला क्रमांक दिले आणि प्रत्येक पद वेगळे करून ठेवले, त्याने शोधाचे खरे काम आधीच करून ठेवलेले असते. यंत्र त्याचे फळ वेगाने हाती देते इतकेच. संहिता अव्यवस्थित असेल तर यंत्र अव्यवस्थाच वेगाने देईल. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे की, संहिता सिद्ध करणे हे देवस्थानांचे कर्तव्य आहे, पत्ता देणे हे वक्त्याचे कर्तव्य आहे आणि शोधण्याची विद्या शिकणे हे भाविक वाचकाचे कर्तव्य आहे.

या बाबतीत ख्रिस्ती समाजाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावयास संकोच वाटण्याचे कारण नाही. बायबलच्या अभ्यासासाठी जी संगणकीय साधने आज मिळतात, त्यांत एखाद्या शब्दावर बोट ठेवले की मूळ हिब्रू अथवा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ आणि तो आणखी कोठे कोठे आला आहे ती सर्व स्थळे समोर येतात. हे पाहून आमचे तरुण थक्क होतात आणि म्हणतात, “काय हे तंत्रज्ञान!” परंतु त्यामागचा इतिहास पाहावा. तेराव्या शतकात पॅरिस येथे ह्यू द सें-शेर या डोमिनिकन पंथीयाच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची पहिली मोठी शब्दसूची तयार झाली. रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली नव्या कराराला वचनांचे क्रमांक दिले. अलेक्झांडर क्रूडन याची इंग्रजी सूची १७३७ साली आणि जेम्स स्ट्राँग याची १८९० साली प्रसिद्ध झाली. स्ट्राँगने प्रत्येक मूळ शब्दाला जो अंक दिला, त्याच अंकांवर आजची ती संगणकीय साधने उभी आहेत. किरकोळ अपवाद सोडले तर बायबलचे भाषांतर कोणत्याही भाषेतील असो, अध्याय आणि वचन यांचा पत्ता एकच. पंडिता रमाबाईंनी केलेले मराठी भाषांतर घ्या किंवा दुसरे कोणतेही घ्या, सांगितलेले वचन सांगितल्या ठिकाणी सापडते. हे यश सातशे वर्षांच्या कष्टांचे आहे, आणि त्यांतील बहुतेक कष्ट संगणक जन्मण्यापूर्वीचे आहेत.

“ही सूचीची रीत परकी आहे, आमची परंपरा श्रवणाची” असे जे म्हणतात, त्यांनी आपली परंपराच पाहिलेली नाही. ऋग्वेदाच्या संहितेचा पदपाठ शाकल्याने केला. पदपाठ म्हणजे काय? संधीने एकजीव झालेली पदे सुटी करून ठेवणे. संहितेतील एखादे पद निश्चितपणे हुडकावयाचे तर पहिली पायरी हीच, आणि ती आमच्या पूर्वजांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच घातलेली आहे. पुढे शौनकाच्या नावाने अनुक्रमणी झाल्या. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद आहे. १,०२८ सूक्तांचा हा एवढा मोठा संग्रह मुखोद्गत राहिला आणि त्यात अक्षराचा फरक पडला नाही, याचे कारण केवळ भक्ती नव्हे. भक्तीला हिशेबाची जोड होती. ज्यांनी वेदाची अक्षरेसुद्धा मोजून ठेवली, त्यांच्या वंशजांनी ‘शास्त्रात कोठेतरी आहे’ एवढ्यावर समाधान मानावे, ही परंपरा नव्हे, परंपरेचा विसर होय.

मधल्या काळात हे काम आमच्या हातून सुटले आणि इतरांनी उचलले. कर्नल जेकब या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने प्रमुख उपनिषदे आणि गीता यांचा वाक्यकोश १८९१ साली मुंबईत प्रसिद्ध केला. ब्लूमफील्ड या अमेरिकन पंडिताचा वैदिक मंत्रांचा पादसूचीग्रंथ १९०६ साली हार्वर्ड येथून निघाला. आपल्याकडे विश्वबंधू शास्त्री यांनी लाहोर आणि फाळणीनंतर होशियारपूर येथे वैदिक पदानुक्रम कोशाचे प्रचंड काम केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली. परंतु हीच पुण्याची संहिता संगणकात उतरवली ती क्योतोचे मुनेओ टोकुनागा यांनी, आणि तपासून सुधारली ती केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी. या दोन विद्वानांचे ऋण मान्य करूनही आम्ही विचारतो की, व्यासांचे नाव घेऊन सप्ताह करणाऱ्या एवढ्या देवस्थानांपैकी एकालाही हे काम आपले का वाटले नाही?

हैदराबादचे नाव या कथेत दोन वेळा येते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस ज्यांनी द्रव्यसाहाय्य केले, त्यांत हैदराबादचे निजाम सरकार होते. भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृह त्याची आजही साक्ष देते. दुसऱ्या वेळी हे नाव येते ते आमच्या डोळ्यांदेखत. १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत विभागात प्रा. अंबा कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी ‘संसाधनी’ या नावाची संगणकीय साधने घडवली. १५ ते १७ जानेवारी २००९ या दिवसांत संस्कृत संगणकीय भाषाविज्ञानाचा तिसरा आंतरराष्ट्रीय परिसंवाद याच विद्यापीठात भरला होता. पॅरिसचे ज्येरार ह्युए यांसारखे विद्वान या क्षेत्रात त्यांच्याबरोबर काम करीत आले आहेत. हे सर्व कार्य हैदराबादेत झाले. परंतु हैदराबादेतीलच मराठी मंडळींच्या भजनांत आणि उत्सवांत त्याचा उल्लेख होत असेल, तर तो आमच्या कानी आलेला नाही.

या साधनांचे महत्त्व साध्या उदाहरणाने कळेल. ‘अस्ति’ हे पद शोधू गेल्यास ‘नास्ति’ हाती लागत नाही, कारण संधीत ‘अ’ लोपलेला असतो. ‘एव’ शोधू गेल्यास ‘तथैव’ निसटते. ‘राम’ या नामाची तीन वचनांत आणि आठ विभक्तींत मिळून चोवीस रूपे; त्यांतही ‘रामः’ हा कोठे ‘रामो’ होतो, कोठे ‘रामश्च’ मध्ये जाऊन बसतो. शिवाय एकच ध्वनिसमूह दोन तऱ्हांनी सुटू शकतो. व्याकरणातील जुने उदाहरण घ्या: ‘श्वेतो धावति’ यात पांढरा कोणी धावत आहे, की ‘श्वा इतः’ असे तोडून इकडून कुत्रा धावत आहे? नुसती अक्षरे जुळवणाऱ्या शोधाला यातले काहीच कळत नाही. ‘संसाधनी’सारखी साधने संधी सोडवतात, पदाचे मूळ आणि विभक्ती सांगतात, समासाचा विग्रह दाखवतात, आणि जेथे एकाहून अधिक अर्थ संभवतात तेथे पर्याय वाचकापुढे ठेवतात. म्हणजे शाकल्याचे काम नव्या आयुधांनी पुढे चालू आहे. असे काम ज्या शहरी होते, तेथील देवस्थानांनी त्याची वास्तपुस्त करू नये?

संस्कृताची ही कथा. आमच्या मराठी संतवाङ्मयाची तर याहून करुण आहे. १९५६ पर्यंत ज्या मुलखाची राजधानी हैदराबाद होती, त्याच मुलखात एकनाथांचे पैठण, रामदासांचे जांब आणि दासोपंतांचे अंबाजोगाई. दासोपंतांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा म्हणून ख्यात आहे. अशा सागरात स्मरणाच्या बळावर एक ओवी हुडकणे कोणाच्या आवाक्यातील आहे? येथे साधनाची सर्वांत जास्त गरज, आणि येथेच साधन सर्वांत दुबळे.

दुबळेपणाची कारणे पाहावी. पहिले कारण लेखनाचे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक चौदा नियमांना १९६२ साली मान्यता मिळाली, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. या नियमांनी जुने अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ‘बुद्धि’, ‘कवि’ ही तत्सम रूपे ‘बुद्धी’, ‘कवी’ अशी दीर्घान्त झाली. चालू व्यवहाराला ते सोयीचे झाले. परंतु आज शाळेत शिकलेला मुलगा ‘जैसे’ शोधतो, ग्रंथात ‘जैसें’ असते. तो ‘बुद्धी’ लिहितो, ग्रंथात ‘बुद्धि’ असते. तो ‘तत्व’ असे चुकीचे लिहितो, ग्रंथात ‘तत्त्व’ असते. ‘पांडुरंग’ लिहिले तर ‘पाण्डुरङ्ग’ सापडत नाही. ‘म्हणौनि’, ‘म्हणोनि’, ‘म्हणोनी’ हा एकच शब्द तीन वेषांत हिंडतो. दुसरे कारण भाषेचे. जो ‘सत्य’ शोधतो त्याच्या हातून जुन्या मराठीतील ‘साच’ सुटते. जो ‘दृष्टी’ शोधतो त्याला ‘दिठी’ दिसत नाही. तिसरे कारण छपाईचे. कित्येक ग्रंथ संगणकावर आहेत ते पानांच्या छायाचित्रांच्या रूपाने. त्यांत शब्द नाहीत, शब्दांची चित्रे आहेत. चित्रावरून यंत्राने अक्षरे ओळखली तर ‘भ’चा ‘म’, ‘ध’चा ‘घ’, ‘थ’चा ‘य’ होण्याची भीती असतेच. आणखी कित्येक ग्रंथ युनिकोडपूर्व काळातील खासगी टंकांत अडकून पडले आहेत. तो टंक नसेल तर पानावर निरर्थक चिन्हे उमटतात.

चौथे कारण सर्वांत गंभीर, आणि ते आमच्या बेफिकिरीचे. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक निरनिराळ्या गाथांत निरनिराळे आहेत. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची गणती राजवाडे प्रतीत एक, सांप्रदायिक प्रतींत दुसरी. फार काय, ज्या गीतेचा पत्ता सर्वांत पक्का समजला जातो, तिच्या तेराव्या अध्यायातदेखील अर्जुनाचा आरंभीचा प्रश्न काही प्रतींत आहे, काहींत नाही; त्यामुळे त्या अध्यायाचे श्लोक कोठे ३४, कोठे ३५, आणि पुढचा प्रत्येक क्रमांक एकाने सरकलेला. एवढे असूनही आमच्याकडे संगणकावर जे संतवाङ्मय फिरते, त्यांतील पुष्कळ ठिकाणी ते कोणत्या आवृत्तीवरून घेतले हे सांगण्याचे सौजन्यदेखील नसते. ज्या भाविकांनी स्वतःच्या वेळात, कसल्याही मोबदल्यावाचून हे ग्रंथ टंकित केले, त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी एकट्याने जे केले तेच फार. दोष आहे तो ज्यांच्याजवळ निधी आहे, पोथ्या आहेत, विद्वान आहेत, आणि ज्यांनी काहीच केले नाही त्यांचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, आणि त्यात स्वतःची ओवी घुसडणारा अमृताच्या पात्रात करवंटी ठेवतो, असा इशारा परंपरेने त्यांच्या नावे जपला आहे. आज तर पात्र कोणाचे आणि करवंटी कोणाची, हेच ओळखू येत नाही.

आता ‘यंत्राने दाखवले नाही, म्हणून नाही’ असे म्हणणाऱ्या तटाकडे वळू. महाभारत सांगत होते व्यास आणि लिहून घेत होता गणपती, ही कथा प्रत्येक घरातील मुलाला ठाऊक आहे. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत ती शोधावी तर सापडणार नाही. आदिपर्वाचे संपादन करताना विष्णु सीताराम सुखटणकर यांनी ती परिशिष्टात ठेवली आहे. सभापर्वात द्रौपदी कृष्णाचा धावा करते, हा भागही मुख्य संहितेत नसून पाठांतरांच्या टिपांत आहे. मग कीर्तनकार खोटे बोलतात काय? मुळीच नाही. ते श्लोक अनेक हस्तलिखितांत आहेत, शतकानुशतके पठणात आहेत. परंतु उपलब्ध हस्तलिखितांवरून सिद्ध होणाऱ्या प्राचीनतम पाठात ते बसत नाहीत, असा संपादकांचा निर्णय आहे. म्हणजे ‘नाही’ या उत्तराचा अर्थ ‘या आवृत्तीच्या या भागात नाही’ एवढाच. ज्याला हा भेद कळत नाही तो शोधाच्या बळावर परंपरेला खोटे ठरवील. आणि ज्याला तो कळूनही लपवावयाचा आहे, तो परंपरेच्या बळावर शोधालाच खोटे ठरवील. आवृत्तीचे नाव उच्चारले की दोघांचीही सोय संपते.

‘आहे’ या उत्तरातही तितकाच धोका आहे. कुलक्षय, कुलधर्माचा नाश आणि वर्णसंकर यांविषयीची वचने गीतेच्या पहिल्या अध्यायात आहेत. कोणीही शोधावी, ताबडतोब सापडतील, आणि भगवंताची आज्ञा म्हणून ती व्यासपीठावरून ऐकवलीही जातात. परंतु ती बोलणारा कोण? धनुष्य टाकावयास निघालेला, विषादाने ग्रासलेला अर्जुन. ज्या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी पुढचे सतरा अध्याय आहेत, तोच युक्तिवाद भगवंताच्या मुखी घालणे हा केवढा अन्याय! भाष्यग्रंथांत हाच प्रकार पूर्वपक्षाचा. आचार्य प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण प्रामाणिकपणे मांडतात, मग त्याचे खंडन करतात. शब्द शोधून पूर्वपक्षावर जाऊन पडलेला उतावळा वाचक खंडित मतालाच आचार्यांचे मत म्हणून मिरवतो. म्हणून आम्ही पत्त्याच्या पाच अंगांत वक्ता आणि प्रसंग यांचा आग्रह धरतो.

अमुक शब्द ग्रंथात इतक्या वेळा आला, म्हणून तोच ग्रंथाचा सार, असे मोजणी करून सांगणारेही आता निघाले आहेत. त्यांना मीमांसकांनी केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याची लिंगे सहा: उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. यांतील अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. ती मोजून देण्यात यंत्र पटाईत आहे. उपक्रम-उपसंहार कोठे आहेत, हे ते दाखवू शकेल. परंतु ग्रंथाने नवे काय सांगितले, स्तुती कोणती आणि विधी कोणता, युक्ती कोठे टिकते, हे ठरवावयास सबंध ग्रंथ वाचलेले मन लागते. सहांपैकी एका लिंगावर निकाल देणाऱ्याला आमच्या जुन्या पाठशाळेत पहिल्याच दिवशी मागच्या ओळीत बसवले असते.

अलीकडे एक नवाच प्रकार सुरू झाला आहे, त्याबद्दल सावध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. प्रश्न विचारताच सुबक उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आता सर्वांच्या हाती आहेत. ती ग्रंथातील स्थळ दाखवतातच असे नाही. कित्येकदा अस्तित्वातच नसलेला श्लोक आणि तितकाच काल्पनिक क्रमांक मोठ्या ऐटीने रचून देतात. शोध घेणारे साधन आणि उत्तर रचणारे साधन यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्याचा उपयोग करावयाचा तर खुशाल करावा. परंतु त्याने दिलेला पत्ता छापील ग्रंथात डोळ्यांनी पाहिल्यावाचून व्यासपीठावर चढू नये. अन्यथा ‘शास्त्रात आहे’ या जुन्या रोगाला नवे पंख फुटतील.

राहिला गुरुमुखाचा आक्षेप. गुरूचे स्थान कोणतेही यंत्र घेणार नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु पत्ता विचारल्याने ज्याचे गुरुत्व कमी होते, त्याचे गुरुत्व मुळातच संशयास्पद नाही काय? उपनिषदांतील शिष्य प्रश्नच विचारीत होते. आणि येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. ग्रंथाचा शोध जोवर काही मोजक्या लोकांच्या हाती होता, तोवर ‘शास्त्रात नाही’ असे सांगून कोणालाही दाराबाहेर उभे करता येत होते. आज तीच दाराबाहेर उभी केलेली बाई, तोच मागच्या रांगेतला मुलगा, स्वतः ग्रंथ उघडून स्थळ पाहू शकतो. काहींचा यंत्राला असलेला विरोध भक्तीतून आलेला आहे, त्यांचा आम्ही आदर करतो. परंतु काहींचा विरोध या भीतीतून आलेला आहे, हेही आम्हांस दिसते.

लिपीचा प्रश्न आमच्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा आहे. हैदराबादेतील मराठी घरांतील अनेक मुले तेलुगू आणि इंग्रजी अक्षरे सफाईने वाचतात, देवनागरीत अडखळतात. आमच्या कोंकणी बांधवांची भाषा तर देवनागरी, रोमन, कन्नड आणि मल्याळम अशा लिप्यांत विभागलेली. सोळाव्या शतकातील कोंकणी रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरून पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात जाऊन राहिल्या. जे वाचले ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणून वाचले, ही त्यातली शिकवण. युनिकोडमध्ये देवनागरी, तेलुगू, कन्नड, मल्याळम या लिप्यांची मांडणी समांतर आहे. त्यामुळे एका लिपीतील शुद्ध संहिता दुसरीत उतरवणे बहुतांशी नियमाने साधते. एक संहिता काळजीने सिद्ध केली की ती चार लिप्यांतील वाचकांना पुरते. मुलांना देवनागरी येत नाही म्हणून हळहळत बसण्यापेक्षा, त्यांना येते त्या लिपीत ज्ञानेश्वरी देणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

“एवढा खर्च कोण करणार?” हा प्रश्न अखेरीस येतोच. कळसाला सोने चढवताना, दरसाल मोठा मंडप घालताना, विद्युत रोषणाई करताना हा प्रश्न आमच्या विश्वस्तांना पडत नाही. कळस असावा, रोषणाईही असावी. परंतु ज्या शब्दांसाठी हे सर्व आहे त्या शब्दांसाठी अंदाजपत्रकात एक ओळ नसावी, हे आम्हांस समजत नाही. प्रत्येक देवस्थानाने सर्व ग्रंथ हाती घ्यावेत असे आम्ही म्हणत नाही. एकाने एकच ग्रंथ घ्यावा. त्याची आवृत्ती नाव घेऊन निश्चित करावी. टंकित प्रत दोन माणसांनी छापील प्रतीशी अक्षरशः ताडावी. मूळ लेखन जसेच्या तसे ठेवून शेजारी आजच्या लेखनाची रूपे द्यावीत, म्हणजे ‘जैसे’ शोधणाऱ्याला ‘जैसें’ सापडेल. ओवीला क्रमांक द्यावा आणि इतर प्रमुख आवृत्तींतील क्रमांक त्यापुढे नोंदवावा. आणि हे सर्व विनामूल्य, सर्वांना खुले ठेवावे. देवाच्या प्रसादाला तिकीट नसते. हैदराबाद विद्यापीठासारख्या ठिकाणच्या जाणकारांना सन्मानाने बोलावून त्यांचा सल्ला घ्यावा.

वाचकांनी तोवर हात बांधून बसू नये. शोधताना संपूर्ण शब्दाऐवजी त्याचा न बदलणारा भाग लिहावा; अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा पाहावे; पर्यायी शब्द शोधावेत; स्थळ सापडले की मागच्या-पुढच्या दहा ओव्या तरी वाचाव्यात; आणि शेवटी छापील ग्रंथ उघडून खात्री करावी. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला जुन्या मराठीचा कोश ग्रंथालयात मागून पाहावा. एवढे करणाराला एका महिन्यात आपला ग्रंथ नव्याने भेटेल, याची आम्ही ग्वाही देतो. कारण शोधण्यासाठी गेलेला माणूस बहुधा वाचण्यासाठी थांबतो.

पुढच्या सप्ताहात, पुढच्या चातुर्मासात, व्यासपीठावरून कोणी “शास्त्रात आहे” असे म्हणाले, तर श्रोत्यांनी हात जोडून, पूर्ण आदराने, एवढेच विचारावे: “महाराज, कोठे?” जो पत्ता देईल त्याचे चरण धरावेत. जो रागावेल, त्याचे शास्त्र त्याच्यापाशीच राहू द्यावे.